गाडी सेल्फ घेईना : बॅटरी बदलायच्या आधी आकडा बघा

आज कांद्याचं, गव्हाचं काही लिहीत नाही. आज मोटारसायकलचं लिहितो. काही जण म्हणतील, तात्या आता मिस्त्री झाले का. तसं नाही. पण आपल्या शेतकऱ्याचं निम्मं काम गाडीवर आहे. दूध घालायचं गाडीवर, वैरणीचा भारा गाडीवर, औषधाचे डबे गाडीवर, रात्री दारं धरायला जायचं तेही गाडीवर. अन् ती गाडी ऐन वेळी टक्क करून बसली तर काय होतं ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच माहीत.

माझ्यावर डिसेंबरात आली. आमच्या नेवासा भागात थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री असते. रात्रीचा आठवडा होता. कांद्याची लागण नवी, दोन वाफे राहिले होते, म्हणून कारभारीणही सोबत आली. रान गावापासून तीन किलोमीटर. रात्री अडीचला भरणं उरकलं. थंडी अशी की बॅटरी धरलेली बोटं सरळ होईनात (ही हातातली बॅटरी, गाडीतली नव्हे). गाडीला चावी लावली, सेल्फ दाबला. टक्क. परत दाबला. टक्क. मीटरवरचा हिरवा लाईटसुद्धा दाबल्याबरोबर विझायला लागला.

आता किक मारा म्हणाल. माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी २०१९ ला विहिरीच्या पायऱ्यावरून घसरून फुटली. ऑपरेशन झालं, आत तार आहे. डॉक्टरांनी किक मारायला साफ मनाई केलीय. मला सेल्फ म्हणजे चैन नाही, सेल्फ हाच माझा पाय आहे. तरी त्या रात्री खाली उभा राहून डाव्या पायानं दोन किका मारून बघितल्या. जमलं नाही, तोल गेला. मग कारभारणीनं गाडी ढकलली. मी वर बसलेला, दुसऱ्या गिअरात, क्लच दाबून, अन् ती पंचेचाळीस वर्षांची बाई चिखलाच्या पायानं मागून ढकलतेय. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली. तिची चप्पल चारीत तुटली. ती हातात घेऊन मागं बसली, घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "बॅटरी नवीनच हाय ना?"

बॅटरी नवीनच होती. तेच तर दुखणं. जुलैत सेल्फ कुरकुरायला लागला तेव्हा एका मिस्त्रीनं बॅटरी बदलली, १,३०० रुपये. तीन आठवडे झकास. मग परत तेच. ऑक्टोबरात दुसऱ्याकडं गेलो, तो म्हणाला ती बॅटरी हलकी होती, ही भारी घाला. आणखी १,४५०. महिनाभर झकास. म्हणजे सहा महिन्यात २,७५० रुपये घालून कारभारणीला रात्री अडीचला गाडी ढकलायला लावली. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आण्णा, ती गाडी द्या सोडून, इलेक्ट्रिक घेऊ." घेऊ म्हणायला काय जातंय.

मिस्त्र्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात, सेल्फ घेत नाही म्हणलं की बॅटरी बदलायची, गिऱ्हाईक हसत जातं. आपणही शेतात तेच करतो की. पान पिवळं दिसलं की दुकानात जायचं अन् चार बाटल्या एका पंपात टाकायच्या. आमच्याकडचे एक कृषी सहायक नेहमी म्हणायचे, आधी झाड उपटा, मुळी बघा. मला त्या चहाच्या वेळी ते आठवलं. म्हणलं, आपण गाडीची मुळी अजून बघितलीच नाही.

तालुक्याला जाऊन इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक साधा डिजिटल मीटर आणला, अडीचशे रुपयाचा. पुतण्या आयटीआयला आहे, त्यानं वापरायचा कसा ते दाखवलं. काळी वायर कॉम लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, चकती डीसी २० वर. लाल टोक बॅटरीच्या अधिकला, काळं उण्याला. एवढं आलं की निम्मं काम आलं. दुधाच्या जुन्या वहीची मागची पानं घेतली अन् ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बघायची, आकडा लिहायचा, अन् आकडा लिहिल्याशिवाय पान्हा हातात घ्यायचा नाही.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी, चावी न लावता. गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर बॅटरी खोटा आकडा दाखवते, वरवरची फुगलेली असते. निदान दोन तीन तास उभी पाहिजे. बॅटरीत सहा खण असतात, एकेक खण साधारण २.१ व्होल्टचा. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ ला आली म्हणजे तळाला टेकली. १२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवतेय म्हणजे चांगली, असं मीही समजत होतो. तिथंच निम्मे लोक फसतात. १०.५ च्या आसपास आकडा येऊन तिथंच अडकत असेल तर एक खण मेला असा संशय धरा, ती बॅटरी मग चार्जिंगनं उठत नाही.

माझा आकडा आला ११.९.

म्हणजे बॅटरी उपाशी. पण उपाशी का, हे आकडा सांगत नाही. वाढलेलं ताट कुणी खातंय, का ताटच येत नाही, का पोटच बिघडलंय. तीनच गोष्टी. पोटाचं आधी बघू म्हणलं. बॅटरी काढली. काढताना उण्याची वायर आधी, मग अधिकची. लावताना उलटं, अधिक आधी. कारण अधिक सोडवताना पान्हा गाडीच्या लोखंडाला टेकला अन् उणं लागलेलंच असेल तर ठिणगी पडते. पुतण्याकडं लहान चार्जर होता, त्याच्यावर लावली. माझी बॅटरी ५ एएच ची. तिला तिच्या दहाव्या हिश्शानं, म्हणजे अर्ध्या अँपिअरनं, सावकाश भरायची. आमच्या गावात ट्रॅक्टरच्या मोठ्या चार्जरला मोटारसायकलची बॅटरी लावून उकडून काढणारे लोक आहेत. कोकराला बैलाचा खुराक घातल्यासारखं आहे ते. अन् चार्जिंग हवेशीर जागी, विडी काडी लांब. भरताना बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो.

दुसऱ्या दिवशी चार्जर काढून, चार तास नुसती ठेवून आकडा घेतला, १२.७. तशीच वायर न लावता रात्रभर ओट्यावर ठेवली. सकाळी १२.७. म्हणजे पोट चांगलंय. बॅटरी निर्दोष. अन् मी तिसरी घ्यायला निघालो होतो.

मग गाडीत बसवली अन् सेल्फ दाबताना मीटर बघितला. एक जण सेल्फ दाबतो, एक जण मीटर बघतो. सेल्फ फिरताना आकडा खाली येणारच, पण भरलेल्या बॅटरीचा १० च्या आसपास तरी टिकला पाहिजे. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दमलेली आहे, नाहीतर सेल्फची मोटर जाम आहे. माझा १०.६ टिकला. पण सेल्फ जोर धरून फिरेना, आळसावल्यासारखा फिरायचा. आता बॅटरी वजन उचलतेय अन् मोटरीपर्यंत पोचत नाही, म्हणजे वाटेत गळती. पाटाचं पाणी अन् हे एकच. विहिरीवर चार इंची धार अन् शेवटच्या वाफ्याला चिळकांडी, तर मोटर बदलता का पाट बघता?

पाट बघायची युक्ती पुतण्याच्या मास्तरांची. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या उण्या टर्मिनलवर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. अन् सेल्फ दाबायचा. वायर चांगली असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, ०.१ किंवा ०.२. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढं बळ वायरीतच मरतंय. माझ्याकडं आला ०.९. अर्थिंगची वायर जिथं इंजिनला बोल्टानं आवळलेली असते तो बोल्ट सोडला. खाली गंज अन् काळी माती, खपली धरलेली. पॉलिश पेपरनं पांढरं होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. परत आकडा, ०.१. सेल्फ दाबला अन् गाडी अशी उठली की कारभारीण ओसरीवर बघायला आली.

इथं माझी चूक झाली. मला वाटलं सापडलं. वही मिटली, पानं आवरली, गावात चार जणांना सांगितलं की बोल्टाखालची माती निघाली. दोष खरा होता, पण तो एकटा नव्हता. आकड्यांनी ओरडून सांगितलं होतं की बॅटरी ११.९ ला आली होती. गंजलेला बोल्ट बॅटरी रिकामी करत नाही, तो फक्त सेल्फचं बळ खातो. हे मी त्या खुशीत विसरलो. नवव्या दिवशी दूध घालायला निघालो अन् टक्क.

परत वही काढली. सकाळचा आकडा १२.०. आता उरल्या दोन गोष्टी, ताट येतंय का अन् कोण खातंय.

ताट बघणं सोपं आहे. गाडी चालू करायची, मीटर बॅटरीवर. नुसत्या आयडलवर आकडा कमी जास्त होतो, त्यावर जाऊ नका. ॲक्सिलेटर अर्ध्याच्या आसपास वाढवून धरायचा. आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या घरात आला तर चार्जिंग होतंय. तेराच्या खाली राहिला तर होत नाही. अन् पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळून मरणार, बल्बही उडणार. आणखी एक, गाडी चालू असताना चार्जिंग बघायला म्हणून बॅटरीची वायर काढायची जुनी खोड आहे. जुन्या डायनामोच्या काळात चालायचं. आता काढलीत तर व्होल्टेज उसळी मारतं अन् इलेक्ट्रॉनिकचं सामान जळू शकतं. करू नका.

माझा आकडा आला १२.७. ॲक्सिलेटर वाढवला तरी १२.८ च्या वर हलेना. म्हणजे ताटच येत नव्हतं. फोनवर एका मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, रेग्युलेटर नाहीतर मॅग्नेट कॉईल, दोन्ही बदलू. आता मी शहाणा झालो होतो. म्हणलं थांबा, आधी रेग्युलेटरच्या तोंडाशी काय येतंय ते बघतो.

रेग्युलेटर म्हणजे तो पंख पंख असलेला ॲल्युमिनियमचा डबा. कॉईलकडून आलेली एसी वीज तो डीसी करतो अन् जास्तीची आवरतो. त्याची लाल वायर बॅटरीकडं जाते (माझ्या गाडीत लाल आहे, तुमच्यात रंग वेगळा असू शकतो). त्या वायरीच्या कपलरमध्ये मागून मीटरचं टोक सारलं, गाडी चालू, ॲक्सिलेटर तसाच धरलेला. आकडा १४.४. मी दोनदा बघितलं. रेग्युलेटरच्या तोंडाशी १४.४ अन् बॅटरीवर १२.८. दीड व्होल्टच्या वर मधेच गायब. म्हणजे कॉईल चांगली, रेग्युलेटर चांगला, बॅटरी चांगली. मधली वायर तेवढी तपासायची राहिली. कपलरला बोट लावलं तर गरम. उघडला तर आतली एक पट्टी काळी अन् प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. फोटो टाकलाय, बघा.

कसं झालं ते सांगतो. मी दिवाळीला, पोळ्याला सर्व्हिसिंग सेंटरवर फवाऱ्यानं गाडी धुवून घेतो. फवारा कपलरमध्ये शिरतो, पाणी साठतं, पितळेवर हिरवं धरतं. हिरवं धरलं की वीज जायला अडते, अडली की गरम होतं, गरम झालं की पट्टी आणखी सैल अन् काळी. एकमेकाला वाढवत जातात. नवीन कपलर ४० रुपयाला मिळाला. पुतण्यानं वायरी नीट चिमटून, डाग देऊन बसवला. परत आकडा, बॅटरीवर १४.२.

पण या खेपेला वही मिटली नाही. कोण खातंय ते राहिलं होतं. गाडी बंद, चावी काढलेली, अन् उण्याची वायर बॅटरीवरून सोडून तिच्या अन् टर्मिनलच्या मधे मीटर लावायचा, अँपिअरवर. लाल टोक आधी १० अँपिअरच्या भोकात, आकडा अगदी थोडा आला की मगच मिलीअँपिअरच्या भोकात. मीटर असा मधे लावलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर स्वप्नातही दाबायचा नाही. मी सवयीनं चावी फिरवली अन् मीटरचा फ्यूज फट्टदिशी गेला. पाच रुपयाचा फ्यूज, तालुक्याला हेलपाटा. अन् अँपिअरच्या भोकात वायर राहिली असताना बॅटरीची व्होल्ट बघायला जाऊ नका, सरळ शॉर्ट होतो. स्वस्तातल्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला आत फ्यूजही नसतो.

बंद गाडी एक दोन मिलीअँपिअर खाते, चालतंय. माझी खात होती ३०. गेल्या वर्षी हँडलला मोबाईल चार्जिंगचं पॉइंट बसवून घेतलं होतं, ते चावीवर न घेता सरळ बॅटरीवर जोडलेलं. मोबाईल लावलेला नसला तरी आत त्याचा निळा दिवा रात्रंदिवस चालू. ती वायर काढली तर आकडा शून्याला टेकला.

३० मिलीअँपिअर ऐकायला काहीच नाही. पण हिशोब करा. ०.०३ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ०.७२ एएच. माझी बॅटरी ५ एएच ची. साडेतीन दिवस गाडी उभी राहिली की निम्मी बॅटरी त्या निळ्या दिव्यानं पिली. चार्जिंग चांगलं असताना रोजच्या फिरण्यात ते भरून निघायचं, म्हणून वर्षभर कळलं नाही. कपलर काळा पडला अन् भरणं बंद झालं, तेव्हा दोन्ही मिळून नवीन बॅटरी तीन चार आठवड्यात झोपवायला लागले. त्यात थंडी. थंडीत बॅटरीची ताकद घटते अन् इंजिनातलं ऑईलही घट्ट होतं. अन् वर अर्थिंगच्या बोल्टाखालची माती. मुळकूज अन् सूत्रकृमी एका झाडावर आल्यासारखं. एकटं असतं तर झाड तग धरतं, दोन्ही आले की माना टाकतं, अन् आपण म्हणतो रोपच खराब होतं.

जाता जाता थोडं राहिलेलं. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी सुरू होत नाही, तर बॅटरीकडं बघूच नका. तिथं पेट्रोलचा कॉक, चोक, एअर फिल्टर, प्लग. ऊसतोडीच्या दिवसात रस्त्याला धूळ असते, फिल्टर महिन्याला झटकत जा. अन् सेल्फ दाबल्यावर टक्कसुद्धा होत नसेल तर आधी हँडलवरचं लाल बटण, मग फ्यूज, मग क्लचच्या मुठीतला स्विच, अन् ज्या गाडीला साईड स्टँडचा स्विच आहे तिथं तो. नवीन इंजेक्शनच्या गाड्यांना बॅटरी पार मेली तर किकही नीट लागू होत नाही, कारण पेट्रोलचा पंप अन् तो डबा बॅटरीवर चालतो. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला, आपलं बोअरचं क्षाराचं पाणी तिच्या पट्ट्या खातं. टर्मिनलवर पांढरं हिरवं साचलं तर कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशनं धुवा, पुसून कोरडं करा, वरून व्हॅसलीन.

चार्जिंग पॉइंट आता चावीवर घेतलंय. सगळ्याचा खर्च मीटर धरून ३०० रुपये. दोन महिने झाले, मधे रात्रीचे आठवडे येऊन गेले, सेल्फनं एकदाही टक्क केलं नाही. आज सकाळचा आकडा १२.७. कारभारणीला नवीन चप्पल आणली, तिनं ती ओसरीच्या खुंटीला टांगून ठेवलीय, रानात जुनीच शिवून घालते.

संध्याकाळी शेजारचा एक जण गाडी ढकलत घेऊन आला. म्हणतोय, तात्या, बॅटरी गेली, कोणती घेऊ? आकडा बघितला, १२.६. सेल्फ दाबला तर टक्कसुद्धा नाही. म्हणलं, ठेव इथं, सकाळी उजेडात क्लचच्या स्विचपासून बघू.